टिटवीने अंडी कुठे घातली

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही, असं घरात ठरलं आहे. मोठी माणसं जेवताना ऑफिसातलं बोलतात, आणि ताटाकडे बघून जेवणाऱ्या मुलीला काही ऐकू येत नाही असं समजतात. मला ऐकू येतं. म्हणून मी एक केलं. गोष्टीतली सगळी माणसं काढून टाकली आणि त्यांच्या जागी जनावरं आणि पाखरं ठेवली. आता यात कोणी स्वतःला ओळखलं, तर तो ओळखणाऱ्याचा दोष.

तर बालमित्रांनो (मी नववीत आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याने असंच म्हणायचं असतं), एका जंगलात एक नदी होती, आणि त्या नदीकाठी एक टिटवी नोकरी करत होती.

तिच्या खात्याचं नाव होतं पूररेषा खातं. खात्यात ती एकटीच होती. तिला केबिन नव्हती, शिपाई नव्हता, खुर्चीसुद्धा नव्हती. काम एवढंच, की वर्षातून एकदा अंडी घालायची.

हसू नका. फार जबाबदारीचं काम होतं.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. जमिनीवरच उथळ खळगा उकरते आणि त्यात अंडी घालते. पावसाळा जवळ आला की ही टिटवी नदीकाठाने तुरुतुरु चालत फिरायची. माती टोकरून बघायची. मुंग्या आपली अंडी घेऊन कुठल्या बाजूला निघाल्या आहेत ते बघायची. मग एका जागी थांबायची आणि उकरायला लागायची. खळगा नदीजवळ असला की जंगल समजायचं, यंदा पाणी बेताचं. खळगा वर माळावर असला की समजायचं, यंदा नदी चढणार. मग मुंगूस, साळिंदर, घोरपड, उंदीर, सगळे आपापली बिळं त्या खळग्याच्या वरच्या अंगाला खणायचे.

टिटवीला एक शब्द बोलावा लागत नसे. "नक्की ना?" असं तिला कोणी विचारतही नसे. ज्या पाण्यात आपलं बीळ बुडेल, त्यात आधी हिची अंडी बुडतील, हे सगळ्यांना माहीत होतं.

याला विश्वास म्हणतात, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. त्यासाठी पुढे शिबिर घ्यावं लागलं.

झालं असं, की जंगलाच्या राजाने, म्हणजे वाघाने, नवा दरबार बांधला. जुना दरबार डोंगरातल्या गुहेत होता. तिथून वाघाला काही दिसत नसे.

"राजासमोर दृश्य हवं," वाघ म्हणाला.

राजाचा मुख्य सचिव होता तरस. तरसाची नेमणूक त्याच्या हसण्यामुळे झाली होती. राजाने विनोद केला की तो सगळ्यांच्या आधी हसायचा. कधीकधी विनोद होण्याच्या आधीच हसायचा, म्हणजे राजाला कळायचं की आता विनोद करायला हरकत नाही. तरसाने नदीच्या वाळूला अगदी लागून जागा शोधली. तिथे दगड रचले, वेली सोडल्या, बसायला एक सपाट शिळा आणली. शिळेवर बसलं की पाय पाण्यात बुडतील असं वाटावं, इतकं दृश्य जवळ होतं.

दरबाराचं उद्घाटन झालं, आणि दुसऱ्या दिवशी टिटवी जागा बघायला निघाली.

वाळूवरून चालली, थांबली नाही. दरबारावरून गेली, थांबली नाही. करंजाची झाडं मागे टाकली. चढ चढली. शेवटी वरच्या मुरमाड माळावर थांबली आणि तिथे उकरायला लागली.

सगळ्यांनी आधी माळाकडे पाहिलं. मग खाली दरबाराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. पण संध्याकाळपर्यंत तरसाला सगळं कळलं होतं.

तो चढ चढून आला. धापा टाकत म्हणाला, "टिटवीबाई, खळगा जरा वर झाला नाही का?"

"जरा नाही, साहेब. बराच वर झालाय."

"महाराजांच्या दरबारापेक्षाही वर."

"हो."

"याचा लोक काय अर्थ काढतील?"

"दरवर्षी काढतात तोच."

तरस हसला. कोणी विनोद केलेला नव्हता, म्हणून टिटवीला भीती वाटली.

"तुमचा महाराजांवर विश्वास नाही?"

"महाराजांवर आहे. नदीवर नाही."

"नदी महाराजांच्याच राज्यातून वाहते ना? मग तिच्यावर वेगळा अविश्वास कशाला?"

टिटवीला उत्तर सुचलं नाही. तिला उत्तरं नेहमी समोरचा निघून गेल्यावर सुचत.

"तुमचं काम चांगलं आहे हो," तरस जाताना म्हणाला. "पण नुसत्या कामाने वरिष्ठांचा विश्वास बसत नसतो. तो संपादन करावा लागतो. उद्यापासून तळ्यावर शिबिर ठेवलंय. तुमच्यासोबत तुमचे शेजारीही येतील, सहकारी म्हणून. एकटं वाटायला नको."

शिबिराचं नाव होतं विश्वासवर्धन शिबिर. शिकवायला बगळा होता. तो त्या विषयातला तज्ज्ञ होता. तळ्यात एका पायावर, डोळे मिटून, दिवसभर उभा राहू शकायचा. मासे त्याच्या अगदी जवळ येत. आजवर एकाही माशाने त्याच्याबद्दल तक्रार केली नव्हती. तक्रार असलेले मासे शिल्लकच नव्हते.

"विश्वास म्हणजे काय?" बगळ्याने डोळे मिटूनच विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही.

"छान. आता करून पाहू. एकाने पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मागे पडायचं. मागचा सहकारी झेलेल. जोड्या लावा."

टिटवीची शेजारीण मुंगसीण हिची जोडी साळिंदरकाकांबरोबर लागली. तिने मागे वळून काकांच्या अंगावरच्या काट्यांकडे पाहिलं.

"पडा ना, मुंगसीणबाई," बगळा म्हणाला.

"मी नाही पडणार! काकांनी पडावं."

"मी पडतो की," साळिंदरकाका म्हणाले. "तू झेल."

"तेही नको!"

"मग मी काय करू? काटे घरी ठेवून यायचे होते का? निरोपात तसं म्हटलं नव्हतं."

सगळे हसले. बगळ्याने एक डोळा उघडला. "बघा. हाच तो अविश्वास. इतकी वर्षं शेजारी राहता, आणि एकमेकांच्या अंगावर पडू शकत नाही."

"शेजारी राहतो म्हणूनच पडत नाही, गुरुजी," मुंगसीण म्हणाली. टिटवीला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर बगळ्याने टिटवीला बाजूला घेतलं. तो तिच्याशी फार प्रेमाने बोलला.

"तुम्ही बोलताना सारखी मान हलवता."

"आम्ही टिटव्या तशाच असतो."

"वरिष्ठांना तो नकार वाटतो. आणि तुमचा आवाज. 'टिट्टिव, टिट्टिव!' ऐकलं की छातीत धस्स होतं. वाईट बातमी द्यायला हरकत नाही, पण तिचं तोंड धुऊन द्यावी. 'पूर येणार' असं नाही म्हणायचं. 'नदी महाराजांच्या अधिक जवळ येण्यास उत्सुक आहे' असं म्हणायचं."

"पण तेवढ्यात पाणी आलं तर?"

"पुन्हा मान हलवलीत."

टिटवीने मान आवरली.

"हे बघा, विश्वास हा साठवायचा असतो," बगळा म्हणाला. "आधी लहान लहान गोष्टीत वरिष्ठांच्या मनासारखं वागायचं. तो साठला, की मग एखाद्या मोठ्या प्रसंगी खरं बोलायचं. तेव्हा ते ऐकतात. मी स्वतः हेच करतो. कितीतरी वर्षं साठवतोय."

"मग खरं कधी बोललात?"

"तसा प्रसंग अजून आलेला नाही," बगळा म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

शिबिर संपलं तेव्हा तरस तिची वाटच पाहत होता. "लहानशीच गोष्ट आहे, टिटवीबाई. यंदा अंडी दरबारासमोर घाला. महाराजांच्या शिळेच्या खाली. लोकांना दिसतील अशी."

टिटवीची मान हललीच.

"सक्ती नाही," तरस म्हणाला. "तितर तयार आहे. बिचारा फार समजूतदार. मी म्हटलं, तुझी बायको अंडी कुठे घालेल? तर म्हणाला, साहेब, तुम्ही जागा दाखवा."

टिटवी माळावर परतली. तिचा नवरा खळग्यातले बारीक खडे नीट रचत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"सोडून दे नोकरी," तो म्हणाला.

"अहो, मी सोडली की तितर येईल. त्याची बायको सांगाल तिथे अंडी घालेल. मग ही सगळी बिळं खाली येतील. मुंगसीणताईची पिल्लं अजून डोळे उघडतायत. मी आत राहिले तर निदान वेळेवर काही करता तरी येईल."

"मग घाल खाली."

"आणि अंडी वाहून गेली म्हणजे?"

नवऱ्याने चोचीतला खडा खाली ठेवला. टिटवीची अंडी मातकट असतात, वर काळपट ठिपके. लांबून पाहिलं तर नदीतले गोटेच. त्यामुळेच आजवर ती कावळ्यांपासून वाचली होती.

"नदीत गोट्यांना काय तोटा आहे?" तो म्हणाला.

अशा रीतीने, बालमित्रांनो, चार अंडी माळावर बाभळीच्या आड गेली, आणि चार गोटे दरबारासमोर वाळूत बसले. बाभळीआड नवरा बसायचा. गोट्यांवर टिटवी बसायची. पहिला खळगा त्यांनी बुजवून टाकला.

टिटवीने ठरवलं होतं, की शेजाऱ्यांना गुपचूप खरं सांगून टाकायचं. ती त्याच दिवशी मुंगसिणीकडे गेली. पण मुंगसीण वरच्या बिळात नव्हती. ती दरबाराच्या मागे नवं बीळ खणत होती. नाकावर माती, शेजारी तीन पिल्लं.

"अगं ताई, इतक्यात उतरलीस?"

"तू अंडी घातलीस, मग मी कशाला थांबू? आधी वर उकरलंस तेव्हा मीही वरच खणलं होतं. मग म्हटलं, हिने जागा बदलली, म्हणजे काहीतरी पाहिलं असेल." मुंगसीण खणता खणता बोलत होती. "इथली माती काय मऊ आहे गं! वरच्या मुरमात नखं झिजतात."

"ताई, मला तुला एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय. तरससाहेब म्हणत होते, तुला दरबारात घेणार. बरं झालं बाई. आमच्यातलं कोणीतरी आत गेलं, म्हणजे आमचंही कधीतरी ऐकतील."

तेवढ्यात तरस तिथून फिरत फिरत गेला आणि दोघींना हात करून हसला.

"काय सांगत होतीस?" मुंगसिणीने विचारलं.

"काही नाही," टिटवी म्हणाली. "उद्या सांगते."

'उद्या' उजाडला आणि दरबार भरला. वाघाने टिटवीला शिळेच्या उजव्या बाजूला बसवलं. 'विश्वासभूषण' अशी पदवी दिली आणि मोराचं एक पीस दिलं. पीस तिच्यापेक्षा मोठं होतं. ते धरून उभं राहताना ती दोनदा कलंडली.

"हिच्याकडे पाहा," वाघ म्हणाला. "हिने आपली अंडी माझ्या पायाशी ठेवली. याहून मोठा विश्वास कोणता?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मुंगसीण वाजवत होती.

खरं सांगायचं तर टिटवीला ते आवडलं. आजवर तिचं नावसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. आता वाघ तिला मधूनच विचारायचा, "टिटवी, तुला काय वाटतं?" कधी हरणांच्या वाटेबद्दल, कधी माकडांच्या भांडणाबद्दल. ती मान न हलवता, हळू आवाजात उत्तर द्यायची. वाघ म्हणायचा, "बरोबर." तिला वाटायचं, साठतोय. विश्वास साठतोय. वेळ आली की मी याला खरं सांगेन आणि हा ऐकेल.

दरम्यान साळिंदरकाका खाली उतरले. घोरपड उतरली. उंदरांचं अख्खं गाव उतरलं. माळावर जाऊन कोणी काही तपासलं नाही. विश्वास असला की तपासायला जात नाहीत.

एके सकाळी टिटवी पाण्याच्या कडेला गेली. पाणी चढलेलं नव्हतं. पण त्याचा रंग बदलला होता. वरून काटक्या येत होत्या, आणि काटक्यांबरोबर डोंगरातली लाल माती. इथे आभाळ स्वच्छ होतं. दूर डोंगरावर मात्र काळं दाटलं होतं.

ती थेट दरबारात गेली. हाच तो मोठा प्रसंग, असं तिला वाटलं.

"महाराज, नदी आपल्या अधिक जवळ येण्यास उत्सुक आहे."

"वा!" वाघ म्हणाला.

तिने पुन्हा प्रयत्न केला. "महाराज, पूर येणार आहे. खालची बिळं हलवायला सांगा."

वाघाने आभाळाकडे पाहिलं. मग शिळेखालच्या वाळूकडे पाहिलं. "पण तुझी अंडी तर इथेच आहेत."

टिटवीने चोच उघडली. आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते तिला पहिल्यांदाच नीट कळलं. इतके दिवस साठवलेला सगळा विश्वास त्या चार गोट्यांवर बसलेला होता. तो खर्च करायला गेलं, की गोटे उचलावे लागणार होते.

"ती... महाराज, ती अंडी..."

तरस हसायला लागला. म्हणून वाघही हसला. "आता विनोदही करायला लागलीस. छान. आम्ही आज दौऱ्यावर निघतोय. आल्यावर ऐकू."

आणि वाघ, तरस आणि बगळा दौऱ्यावर निघून गेले.

दुपारपर्यंत पाणी वाळूवर आलं.

टिटवी उडाली. बगळ्याने शिकवलेला आवाज तिने फेकून दिला आणि आपल्या जन्माच्या आवाजात ओरडायला लागली. टिट्टिव, टिट्टिव! करंजांपासून दरबारापर्यंत, दरबारापासून करंजांपर्यंत. "वर चला! माळावर चला! पाणी येतंय!"

मुंगसिणीने बिळातून डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं?"

"पिल्लं घे आणि वर जा. आत्ता."

"आभाळ तर कोरडं आहे."

"पाऊस डोंगरात पडलाय. तू निघ."

मुंगसीण निघाली नाही. तिने वाळूतल्या खळग्याकडे पाहिलं. पाणी खळग्यापासून वीतभर लांब होतं.

"टिटवे," ती म्हणाली, "खरंच पूर येत असता, तर तू त्या अंड्यांवर बसून जीव दिला असतास. तू तर ती सोडून आकाशात फिरतेयस. अंडी पाण्यात सोडून कुठली आई शेजाऱ्यांना उठवत फिरते?"

साळिंदरकाकाही बाहेर आले होते. त्यांच्यामागे घोरपड. सगळे तिच्याकडे पाहत होते. पाणी खळग्याला लागलं.

"ती अंडी नाहीत," टिटवी म्हणाली.

"काय?"

"गोटे आहेत, ताई. माझी अंडी वर आहेत. माळावर, बाभळीच्या आड."



"कधीपासून?" साळिंदरकाकांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"बरं," काका म्हणाले. तेवढंच म्हणाले. टिटवीला वाटलं, यापेक्षा त्यांनी काटा मारला असता तर चाललं असतं.

मुंगसिणीने तर तिच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. एक पिल्लू तोंडात धरलं आणि चढ चढायला लागली. ते करंजाच्या मुळाशी ठेवलं आणि दुसऱ्यासाठी खाली आली. तिसऱ्यासाठी आली तेव्हा बिळाच्या तोंडाशी पाणी होतं. ती आत शिरली. टिटवी वर घिरट्या घालत ओरडत राहिली, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. मग मुंगसीण बाहेर आली, अंगभर चिखल, तोंडात पिल्लू. पिल्लू शिंकलं. तेव्हा कुठे टिटवी ओरडायची थांबली.

सगळे जीव वाचले. बिळं मात्र एकूण एक गेली. उंदरांनी साठवलेले दाणे गेले. दरबारही गेला, शिळेसकट.

सगळे ओले, थकलेले, माळावर पोहोचले आणि थबकले.

माळावर वाघ बसला होता. कोरडा. शेजारी तरस आणि बगळा, तेही कोरडे. मागे बाभळीच्या आड टिटवीचा नवरा अंड्यांवर बसला होता, आणि वाघासमोर अवघडून मान हलवत होता.

"या, या," वाघ म्हणाला. "इथून दृश्य फार छान दिसतंय."

"महाराज दौऱ्यावर होते ना?" टिटवीने विचारलं.

"हाच दौरा."

"इथेच कसे आलात?"

"तुझा नवरा इथे बसतो ना. तरसाने पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं." वाघाने पंजा चाटला. "टिटवी, कोण काय दाखवतं ते पाहायला माझ्याकडे लोक आहेत. कोण कुठे बसतं, ते मी स्वतः विचारतो. राज्य असंच चालवावं लागतं."

"म्हणजे महाराजांना माहीत होतं?"

"अर्थात."

"मग बाकीच्यांना सांगितलं का नाही?"

वाघाचा चेहरा हळवा झाला. "त्यांचा तुझ्यावर इतका विश्वास होता. तो मोडायचं माझ्या जिवावर आलं."

टिटवी खाली पाहू लागली.

"मान वर कर," वाघ म्हणाला. "मी रागावलेलो नाही. उलट आजपासून माझा तुझ्यावर खरा विश्वास बसला. तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस, आणि मी विचारलं तेव्हाही ते सोडलं नाहीस. अशी माणसं जवळ असावी लागतात."

पूर ओसरला. तरसाने चौकशी केली आणि दोष बिळं खणणाऱ्यांचा ठरला. त्यांनी जागेची खात्री करून घेतली नव्हती. मग वाहून गेलेल्या चार अंड्यांचं स्मारक करायचं ठरलं. 'विश्वासापोटी सर्वस्व दिलेल्या मातेस,' असं वाघ भाषणात म्हणाला. बगळ्याने एका पायावर उभं राहून श्रद्धांजली वाहिली. ती अंडी नव्हती, गोटे होते, हे हजर असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे कार्यक्रम अगदी शांततेत पार पडला. टिटवीने दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. ती उठली, मान हलू दिली नाही, आणि हळू आवाजात महाराजांचे आभार मानले.

त्या वेळी माळावर तिची चार पिल्लं अंड्यांतून बाहेर येत होती. त्यांना बघायला शेजारचं कोणी गेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती मुंगसिणीच्या मागे धावली.

"ताई, बोल ना काहीतरी. मी वेळेवर सांगितलं ना?"

"सांगितलंस," मुंगसीण म्हणाली. "म्हणून तर तिन्ही पोरं आहेत. तुझे उपकार आहेत."

"असं परक्यासारखं काय बोलतेस? पुढच्या वर्षी मी खरोखरच जागा शोधेन. तुमच्यासाठी."

"शोध ना, बाई. आम्ही बघू तू कुठे घालतेस ते." मुंगसिणीने पिल्लाच्या अंगावरची माती झटकली. "मग तुझा नवरा कुठे बसतो ते बघू. मग वाघ कुठे झोपतो ते बघू. मग खणू. पूर्वी एका नजरेत काम व्हायचं, आता दिवस जाईल. पण त्यांनी शिबिरात शिकवलंय ना, विश्वासाला वेळ द्यावा लागतो."

आणि ती पिल्लं घेऊन निघून गेली. टिटवीला उत्तर सुचलं, पण तोपर्यंत दरबाराची वेळ झाली होती.

तात्पर्य : वरिष्ठांचा विश्वास संपादन करायचा असेल, तर त्यांना आधीपासून ठाऊक असलेलं खोटं त्यांच्यासमोर न अडखळता बोलावं. सहकाऱ्यांचा विश्वास मात्र संपादन करावा लागत नाही. तो असतोच. म्हणून तर वरिष्ठांचा मिळवताना तो खर्चाला उपयोगी पडतो.

आता तुम्ही विचाराल, मग टिटवीने करायला काय हवं होतं? मला विचाराल तर तिने त्या पहिल्याच दिवशी तरसाच्या तोंडावर सरळ... हो आई, आले! नाही गं, गोष्टबिष्ट काही नाही, गणितंच सोडवत होते...